दुसऱ्याच्या पावसासाठी

डिसेंबर उजाडला की वसई-विरारमध्ये पाऊस कुणालाच नको असतो. अर्नाळ्याला आणि पाचूबंदरला वलांड्यांवर बोंबील वाळत असतात, मिठागरांत कामाला सुरुवात झालेली असते, आंब्याला मोहोर धरू लागलेला असतो. अवकाळीची एक सर आली तरी कोळ्याचे, आगऱ्याचे आणि वाडीवाल्याचे एकदमच नुकसान. आणि नेमक्या याच दिवसांत, ४ डिसेंबरच्या (एखाद्या वर्षी ५ डिसेंबरच्या) संध्याकाळपासून, आपल्याच कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला ज्यू माणूस प्रार्थनेच्या पुस्तकातल्या एका ठरलेल्या जागी शब्द बदलतो आणि देवाकडे पाऊस मागू लागतो. मार्च-एप्रिलमध्ये पासोवरचा सण येईपर्यंत तो रोज पाऊस मागतो. मृग कोरडा गेला आणि सगळे कोकण आभाळाकडे डोळे लावून बसले, तरी पुस्तकातल्या त्या जागी पावसाचे नाव नसते.

कारण साधे आहे. ही प्रार्थना कोकणासाठी रचलेलीच नाही. इस्राएलच्या भूमीत पाऊस हिवाळ्यात पडतो. देशाबाहेरच्या ज्यूंनी तो कधीपासून मागायचा, हे बॅबिलोनच्या हवामानावरून ठरले: जुन्या गणनेतल्या शरद संपातानंतर साठ दिवसांनी. तो हिशेब आजही चालू आहे. म्हणजे मुरुड-अलिबागच्या माणसाने हजारो मैलांवरच्या शेतासाठी, आपल्या अंगणातल्या वाळवणाच्या विरुद्ध, पाऊस मागायचा.

हे ऐकल्यावर आजचा माणूस हसतो, आणि त्याच्या हसण्यामागे एक पक्का सिद्धांत असतो. प्रार्थना मनापासून यावी, पुस्तकातून कशाला? देवाशी बोलायला छापील शब्द कशाला लागतात? भाव असला की पुरे. आपल्याकडे हे मत इतके सर्वमान्य झाले आहे की त्याला कुणी आव्हान देत नाही. संध्या, हरिपाठ, रोझरी, नमाज, सगळ्यांकडेच ‘कर्मकांड’ म्हणून बघायची सवय लागली आहे. मला या मताशी भांडायचे आहे, आणि भांडण्यासाठी मी कोकणातल्या या ज्यूंचे, म्हणजे बेने इस्राएलींचे, प्रार्थनापुस्तक, सिद्दूर, हाताशी घेतो आहे. कारण ठरलेल्या शब्दांच्या बाजूने आणि विरुद्ध जे जे बोलता येईल, ते ते या एका पुस्तकाच्या इतिहासात आधीच बोलून झालेले आहे.

वसईकराने यात का पडावे, असे कुणी विचारील. ज्यू धर्मग्रंथांशी आपले नाते सांगायचे तर नालासोपाऱ्याचे नाव पुढे केले जाते. राजा सॉलोमनची जहाजे ज्या ओफिरहून सोने आणत, ते ओफिर म्हणजेच आपले शूर्पारक, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तो सिद्ध झालेला नाही, आणि खरा निघाला तरी त्यातून फार काही हाती लागत नाही. सोन्याच्या व्यापाराने शेजार होत नाही. शेजार झाला तो साध्या कामांतून: कोकणच्या गावागावांत तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते.

या बेने इस्राएलींची कथा सर्वश्रुत आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी परंपरा सांगते. जहाजाबरोबर पोथ्या बुडाल्या. पुढची कित्येक शतके या माणसांकडे प्रार्थनेचे पुस्तक नव्हते, हिब्रू वाचणारा नव्हता, शिकवणारा नव्हता. उरले होते ते एवढेच: शनिवारचा विसावा, मुलाची सुंता, खवले आणि पर नसलेला मासा न खाणे, काही सण, आणि शमा, म्हणजे देव एकच आहे असे सांगणारे एक हिब्रू वाक्य. बाळ जन्मले तरी शमा, लग्न लागले तरी शमा, माणूस गेला तरी शमा.

मनापासूनच्या प्रार्थनेचा पुरस्कर्ता इथे टाळी वाजवील. बघा, पुस्तकाशिवाय समाज टिकला! पण टिकला तो कशावर, हे नीट पाहिले पाहिजे. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा, वाटेल त्या शब्दांत देवाला आळवल्यामुळे तो टिकला नाही. एक वाक्य होते आणि त्यातला शब्द कुणी बदलला नाही, म्हणून तो टिकला. सणही ठरलेले होते आणि त्यांना अस्सल मराठी नावे होती: नव्याचा सण, दारफाळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. दारफाळणीला दारे लावून घरात बसायचे आणि उपास करायचा. हा योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, हे नाव विसरले होते, पण दिवस चुकला नव्हता. जे ठरलेले होते ते वाचले, आणि जे ज्याच्या-त्याच्या मनावर सोपवलेले होते त्याचा आज मागमूस नाही. पुस्तक बुडाले तरी पुस्तकाची शिस्त एका वाक्याच्या रूपाने पोहून काठाला लागली, असे म्हणणे जास्त खरे आहे.

मुळात ज्यू परंपरेलासुद्धा प्रार्थना लिहून ठेवण्याचे वावडे होते. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले. तिथे सकाळ-दुपार होणारे बळी थांबले आणि त्यांच्या वेळा प्रार्थनेने घेतल्या: सकाळची शाहरित, दुपारची मिन्हा, रात्रीची अर्वित. पण त्या तोंडपाठ असायच्या. आशीर्वचने कागदावर उतरवणाऱ्याला तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात कडक बोल लावलेले आहेत. लिहिणे सुरू झाले ते दूरच्या माणसांच्या गरजेपोटी. नवव्या शतकात स्पेनमधल्या ज्यूंनी बॅबिलोनच्या सुरा येथील विद्यापीठाकडे विचारणा केली की वर्षभराच्या प्रार्थना कोणत्या क्रमाने म्हणाव्यात. तिथले प्रमुख अमराम गाओन यांनी त्याला जे उत्तर पाठवले, ते पहिले सिद्दूर मानले जाते. पुढे दहाव्या शतकात सादिया गाओन यांनी केलेल्या सिद्दूरमध्ये प्रार्थना हिब्रूत आणि सूचना अरबीत होत्या, कारण लोक अरबी बोलत होते. १४८६ मध्ये इटलीतल्या सोंचिनो छापखान्यातून छापील सिद्दूर बाहेर पडले.

आता त्या पुस्तकाच्या पोटात शिरू. रोजच्या प्रार्थनेचा गाभा म्हणजे अमिदा, उभ्याने म्हणायची प्रार्थना. म्हणणारा तीन पावले मागे जातो, तीन पावले पुढे येतो, पाय जुळवतो आणि जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला, तोंड करून ओठांतल्या ओठांत बोलतो. हिला ‘अठरा’ म्हणायची रीत आहे, पण आशीर्वचने आहेत एकोणीस. एक नंतर वाढले आणि नाव तेच राहिले. पहिली तीन स्तुतीची, शेवटची तीन कृतज्ञतेची, मधली तेरा मागण्यांची. या तेरांत पहिली मागणी कशाची असावी? तुम्हा-आम्हाला विचारले तर आपण आरोग्य सांगू, नाहीतर पोराबाळांचे सुख, नाहीतर सरळ पैसा. पुस्तकात पहिली मागणी समजशक्तीची आहे. मग पश्चात्ताप, मग क्षमा. आजारातून बरे करण्याची मागणी एकूणात आठवी, आणि पीकपाण्याची, जिच्यात तो डिसेंबरचा पाऊस येतो, नववी. शनिवारी तर या तेराही मागण्या गाळल्या जातात. आठवड्यातून एक दिवस देवाकडे काहीही मागायचे नाही.

दुसरी गोष्ट व्याकरणातली वाटते, पण तिथेच सगळे आहे. मागण्या अनेकवचनी आहेत. ‘मला बरे कर’ असे नाही, ‘आम्हाला बरे कर’. स्वतः ठणठणीत असलेल्या माणसालाही रोज तीन वेळा आजारी माणसाच्या वतीने उभे राहावे लागते. पोट भरलेल्यालाही पीक मागावे लागते. म्हणून माझे म्हणणे असे की पुस्तकातली प्रार्थना माझी नसते, आणि हाच तिचा उपयोग आहे. माझ्या मनातून निघालेली प्रार्थना माझ्या मनाएवढीच असणार: माझा ताप, माझा हप्ता, माझ्या मुलाची परीक्षा. यात गैर काही नाही. पण दुसऱ्याच्या शेतावर पाऊस पडावा, असे आपणहून माझ्या मनात कधी येणार? ते कुणीतरी माझ्या तोंडात घालावे लागते. ठरलेले शब्द माणसाला त्याच्या न सुचलेल्या इच्छा उसन्या देतात आणि रोज म्हणता म्हणता त्यातली एखादी त्याची स्वतःची होऊन जाते.

यावरचा पहिला आक्षेप जुनाच आहे. रोज तेच ते म्हटले की जीभ हलते आणि मन भलतीकडे फिरते. हा आक्षेप आधुनिकांनी शोधला असे कुणी समजू नये. रब्बी एलिएझर यांचे मत मिश्ना या तालमूदच्या मूळ संहितेतच नोंदलेले आहे की जो प्रार्थनेला ठराविक काम करून टाकतो त्याची विनवणी खरी विनवणी नव्हे. ज्या परंपरेने वेळा आणि शब्द ठरवले, तिनेच हा इशाराही जपून ठेवला. तिने पुस्तक मोडीत काढले नाही आणि मनाला सूटही दिली नाही. मन लागण्याची वाट पाहत बसलो तर प्रार्थना आठवड्यातून एकदा होईल, नंतर महिन्यातून एकदा. विरार लोकलचे वेळापत्रक प्रवाशाच्या मनःस्थितीची चौकशी करत नाही, म्हणूनच लाखो माणसे कामावर पोहोचतात. मन लागणे ही कृपा आहे. वेळेवर उभे राहणे मात्र आपल्या हातात आहे.

आणि स्वतःच्या मनातले बोलायला पुस्तकात जागाच नाही, हेही खरे नव्हे. निनवेच्या लोकांनी, म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसुलजवळच्या ज्यूंनी, दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास रब्बींना विचारले होते की आम्हाला भर उन्हाळ्यात पाऊस लागतो, तर तो नवव्या आशीर्वचनात मागू का? उत्तर आले: तिथे नको, सोळाव्यात मागा. सोळावे आशीर्वचन ‘प्रार्थना ऐकणाऱ्या’ देवाचे. तिथे प्रत्येकाने आपली गरज आपल्या शब्दांत घालायला मुभा आहे. सामूहिक जागा सगळ्यांची, आणि तिच्याच आत एक खिडकी ज्याची त्याची. पुढे सतराव्या शतकात ब्राझीलमध्ये पोहोचलेल्या ज्यूंनी सलोनिकाच्या रब्बींना विचारले की आमच्याकडे त्या महिन्यांतला पाऊस नुकसान करतो, मग काय करावे? तिथे नुकसानीच्या काळात पाऊस मागू नये, अशी सवलत मिळाली. म्हणजे मृग कोरडा गेला तर कोकणातल्या ज्यूने गप्प बसावे असे कुणी म्हटलेले नाही. त्याची खिडकी उघडी आहे. पण आपल्या खिडकीसाठी त्याने सगळी भिंत पाडू नये, एवढेच पुस्तक सांगते.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे: न कळणाऱ्या भाषेत बडबडून काय मिळते? वसईकराला हा प्रश्न समजावून सांगायला नको. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) इथल्या चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. नंतर ती मराठीत आली आणि वसईच्या धर्मगुरूंनी मराठीत काय करता येते हे दाखवून दिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ हे त्याचे ठळक उदाहरण. बेने इस्राएलींनी वेगळी वाट धरली. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी त्यांना हिब्रू शिकवले. गंमत अशी की स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. हेतू धर्मांतराचा होता, आणि त्या शिक्षणाच्या बळावर बेने इस्राएली मात्र आपल्याच प्रार्थनेकडे वळले. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५), ससूनांच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक, यांनी प्रार्थनेची पुस्तके मराठीत आणली. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हग्गादामध्ये, म्हणजे पासोवरच्या रात्री घरी वाचायच्या पुस्तकात, हिब्रूबरोबर मराठी आहे आणि चित्रांत साडी नेसलेल्या बायका सणाच्या बेखमीर भाकऱ्या करताना दिसतात.

धर्मशास्त्राची आडकाठी म्हणावी तर तीही नव्हती. शमा आणि अमिदा कोणत्याही भाषेत म्हणता येतात, असे मिश्नाच सांगते. तरीही बेने इस्राएलींनी हिब्रू सोडले नाही, मराठी शेजारी ठेवले. मला या निवडीत शहाणपण दिसते. मराठीमुळे अर्थ कळतो. हिब्रूमुळे मुंबईचा माणूस कोचीनच्या, बगदादच्या, येमेनच्या माणसाशेजारी उभा राहून एकाच ओळीवर बोट ठेवू शकतो. आणि मराठीतल्या भक्तीची भूक त्यांनी उपाशी ठेवली नाही. १८८० च्या सुमाराला मुंबईत त्यांचे कीर्तनोत्तेजक मंडळ उभे राहिले. टाळ-चिपळ्यांच्या साथीने अब्राहम आणि योसेफ यांची आख्याने रंगू लागली. कीर्तनात कीर्तनकार फुलवील तसे आख्यान फुलते, आणि सिद्दूरमध्ये शब्द हलत नाही. वारकऱ्याला हे वेगळे सांगायला नको: रात्रीचे कीर्तन बुवांच्या प्रतिभेवर सोडलेले असते, पण ज्ञानदेवांचा हरिपाठ कुणी आपल्या मनाने बदलून म्हणत नाही. दोन्ही हवीत, आणि एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. आज आपण सगळ्या प्रार्थनेचे कीर्तन करून टाकले आहे, आणि तेही बहुधा लाउडस्पीकरवर.

तिसरा आक्षेप मला खरा वाटतो आणि तो टोलवता येत नाही. ठरलेल्या शब्दांबरोबर ठरलेला अन्यायही पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. पारंपरिक सिद्दूरमध्ये सकाळी पुरुष ज्या गोष्टींबद्दल देवाचे आभार मानतो, त्यांत आपल्याला स्त्री केले नाही ही एक आहे. सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा माणसांत, म्हणजे मिनियानमध्ये, परंपरा पुरुषच मोजते, बायका सज्जात. याचे समर्थन करण्यासाठी कितीही पांडित्य खर्च केले तरी बोच राहते. पण ही बोच कुणी दूर केली ते पाहा. डॉ. जेरुशा झिराड, कामा हॉस्पिटलच्या नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ आणि पुढे पद्मश्री, यांनी १९२५ मध्ये मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन स्थापन केली. तिच्यातूनच रोदेफ शालोम हे उदारमतवादी सिनेगॉग उभे राहिले. डॉ. झिराड प्रार्थना सोडून गेल्या नाहीत. ज्याला पुस्तकाशी देणेघेणेच नाही, तो त्यातली वाईट ओळ वाचतही नाही, मग दुरुस्त कुठून करणार? रोज म्हणणाऱ्यालाच ती खुपते. ठरलेले म्हणजे गोठलेले नव्हे, पण वितळवायला आतली ऊब लागते.

या सगळ्याला वसईच्या भूमीवर एक काळी बाजूही आहे. १५३४ ते १७३९ वसईवर पोर्तुगीजांचे राज्य होते आणि १५६० पासून गोव्याचे इन्क्विझिशन त्यांच्या सगळ्या मुलखावर नजर ठेवून होते. बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूने गुपचूप जुने विधी पाळले तर तो गुन्हा. ‘कोलोकियस’ हा औषधींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात प्रसिद्ध करणारे, अशाच बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यू घराण्यातले गार्सिया द ओर्ता, ज्यांच्याकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होते, १५६८ मध्ये वारले. १५८० मध्ये त्यांची हाडे उकरून जाळण्यात आली. पुटपुटलेल्या ठरलेल्या शब्दांची सत्तेला एवढी धास्ती का वाटावी? कारण एकट्याच्या भावनेचा कुणाला उपद्रव नसतो. दोन अनोळखी माणसांना तेच शब्द पाठ असले की ती एकमेकांना ओळखतात, आणि मग तो समाज असतो.

आज वसई-विरारकराला सिनेगॉग गाठायचे तर ठाण्याचे १८७९ मधले शआर हाशामाईम, नाहीतर मुंबई. रोजच्या तीन प्रार्थना मात्र पुस्तकाच्या बळावर कुठेही होतात. सकाळी घरातून निघण्यापूर्वी तेफिलिन, म्हणजे चामड्याच्या त्या दोन डब्या, एक दंडावर आणि एक कपाळावर बांधून शाहरित. मिन्हा सूर्यास्ताआधी, म्हणजे बहुधा कामावर किंवा गाडीत. गाडीत पश्चिमेला तोंड करणार कसे? मिश्नाने त्याचाही विचार केला आहे: गाढवावरून जाणाऱ्याने शक्य तर उतरावे, नाहीतर तोंड वळवावे, तेही जमत नसेल तर मन वळवावे. सहाच्या विरार फास्टमध्ये शेवटचाच पर्याय उरतो. त्याच डब्यात भजनी मंडळाचे टाळ वाजत असतात, कुणी हनुमानचालिसा पुटपुटत असतो, कुणाच्या बोटांत रोझरीचे मणी असतात. वसईच्या गावांत चर्चची घंटाही दिवसातून तीनदाच प्रार्थनेला बोलावते. या माणसांचे देव आणि शब्द वेगळे आहेत, पण आपल्या दिवसाचा काही भाग आपल्या लहरीवर ठेवायचा नाही, यावर त्यांचे एकमत आहे.

पण पुस्तकालाही मर्यादा आहे, आणि ती सिद्दूर स्वतःच मान्य करते. कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसामागे म्हणायची प्रार्थना, एकट्याने म्हणता येत नाही. दहा माणसे लागतात. १९४८ नंतर बेने इस्राएलींतले बहुतेक जण इस्राएलला गेले. तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, पण सरकारी दर्जाने दहा माणसे जमत नाहीत. सिद्दूर आता मोबाइलवर मिळते, वेळेची आठवणही तोच करून देतो. शेजारी येऊन उभा राहणारा दहावा माणूस मात्र मोबाइलमधून येत नाही. मनापासूनच्या प्रार्थनेला हा दहावा माणूस लागतच नाही, आणि माझ्या मते तिचा खरा तोटा हाच. जी प्रार्थना मला कुणाचीच गरज नाही असे शिकवते, ती कितीही उत्कट असली तरी शेवटी मला माझ्याचपाशी आणून सोडते. सिद्दूर मला नको असलेला पाऊस दुसऱ्यासाठी मागायला लावते, माझ्याआधी आजाऱ्याला उभे करते, आणि माझ्या दुःखासाठीसुद्धा नऊ शेजारी गोळा करायला सांगते. देवावर विश्वास असो वा नसो, दिवसातून तीनदा एवढे करणाऱ्या माणसाच्या शेजारी राहायला मला आवडेल.